कारखान्यातला सिक रिपोर्ट

उत्तरेकडच्या त्या पोस्टवर आमचं एक सेक्शन होतं. रेडिओ सेट माझ्याकडे असायचा. पोस्टच्या वर, चढ चढून गेलं की एक छोटी लिंक पोस्ट लागायची. तिथे दोन जवान राहायचे. दर तासाला त्यांनी खाली रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट दोन शब्दांचा असे : सब ठीक. मी सेटवर ऐकायचो, रॉजर, म्हणजे ऐकलं, असं म्हणायचो आणि पुन्हा स्टोव्हजवळ जाऊन बसायचो. फौजेत हे दोन शब्द इतके वेळा कानावर पडतात की पुढे पुढे त्यांचा फक्त आवाज ऐकू येतो.

मी हवालदार बबन वाघमारे, निवृत्त. कोलाडच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठाला आमची आदिवासी वाडी आहे. वडिलांचं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. वाडीतून फौजेत जाणारा मी पहिला, आणि आता चाळिशीला टेकल्यावर कॉलेजात जाणाराही पहिला. रोह्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलं मला काका म्हणतात. मॅडमनी वार्षिक अंकासाठी फौजेतल्या आठवणी लिहायला सांगितल्या. मुलांना फायरिंगचं वाचायचं असतं, तसं माझ्याकडे फारसं नाही. जे आहे ते अर्धं त्या पोस्टवर घडलं आणि अर्धं पेणला, गणपतीच्या कारखान्यात. मला तरी दोन्ही एकाच नोकरीतलं वाटतं. बरोबर वाटतं की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी पोस्टवरचं सांगतो.

सकाळी फॉल-इन होई. हजेरी झाली की सुबेदार साहेब विचारत, "कोई सिक?" ज्याला बरं नाही त्याने एक पाऊल पुढे यायचं. याला सिक रिपोर्ट म्हणतात. पुढे येणाऱ्याची थट्टा व्हायची. "आ गया हिरो," असं कोणीतरी मागून हळूच म्हणायचं. थट्टेला घाबरून कोणी मागे राहू नये म्हणून साहेब थट्टा करणाऱ्यालाच बर्फ उपसायला पाठवत. तरी थट्टा बंद झाली नाही.

लान्स नायक विलास म्हात्रे पेणचा. मी रोह्याकडचा. एवढ्या मोठ्या पलटणीत आम्ही दोघेच एका जिल्ह्याचे, म्हणून तो मला गाववाला म्हणायचा. त्याच्या घरचा गणपतीचा कारखाना. भाद्रपदात त्याने कणकेची एक वीतभर मूर्ती केली आणि जळक्या काडीने डोळे काढले. साहेबांनी ती बंकरच्या कोनाड्यात ठेवली. तिथल्या थंडीत कणीक दगडासारखी झाली.

"आमच्या शाडूपेक्षा कडक हाय," विलास म्हणाला. "नंदाला सांगायला पाहिजे. ती बोलेल, मंग तिथंच टाका कारखाना."

नंदा म्हणजे त्याची बायको. तिच्याबद्दल तो असंच, तिच्या तोंडचं काहीतरी सांगून बोलायचा.

त्या आठवड्यात लिंक पोस्टवर विलास आणि शिपाई शिंदे होते. दुसऱ्या दिवशीपासून सेटवर विलासचा आवाज घोगरा यायला लागला. मी विचारलं. तो म्हणाला, "थंडी आहे रे गाववाल्या." मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी सेट हातात घेतला.

"म्हात्रे, आवाज को क्या हुआ?"

"ठंड है साहब. सब ठीक."

"पक्का?"

"पक्का साहब. ओव्हर."

उंचीवर कधी कधी छातीत पाणी साठतं. सुरुवात खोकल्याने होते, मग दम लागतो. वेळेवर खाली आणलं तर माणूस वाचतो. हे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं होतं, विलासलाही. पण तो खाली आला असता तर ज्याला त्याच्या जागी वर जावं लागलं असतं तो माणूस आदल्या दिवशीच मुलीच्या बारशाला रजेवर निघाला होता. त्याला अर्ध्या वाटेतून परत बोलवावं लागलं असतं. विलासने शिंदेला बजावलं होतं, खाली काही बोलायचं नाही. हे शिंदेने नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराचा रिपोर्ट आला. सब ठीक. आवाज विलासचाच होता. एकच्या आधीच सेट वाजला. शिंदे होता.

"म्हात्रे बैठा है. उठता नहीं."

पार्टी लगेच वर गेली. आम्ही त्याला दोरीने खाली आणलं, ऑक्सिजन लावला. हेलिकॉप्टर मागितलं. खाली दरीत ढग भरले होते, त्यामुळे ते निघू शकलं नाही. ढग दुसऱ्या दिवशी उघडले. विलास त्याआधीच गेला होता.

पेणला त्याला घेऊन येणाऱ्यांत मी होतो. त्या दिवसाबद्दल मी इथे लिहीत नाही. सगळं उरकल्यावर नंदा वहिनींनी मला एकच विचारलं. "भावजी, ह्यांनी सांगितलं का नाय हो?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे दर वर्षी रजेवर आलो की मी पेणला जायचो. त्यांनी तो प्रश्न परत विचारला नाही. पण चहा पिऊन होईपर्यंत तो आमच्या दोघांच्या मध्ये असायचा.

सतरा वर्षं पूर्ण करून मी घरी आलो. वाडीतली पोरं भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे यायला लागली. आम्ही सकाळी नदीकाठाने धावायचो. हळूहळू पोरांच्या मागून मोठी माणसं यायला लागली. त्यांना भरती नको होती, साधं काम हवं होतं. एकाची भट्टीवर हाताची बोटं गेली होती. एक मारामारीच्या केसमध्ये आत राहून आला होता आणि आता त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. एक बाई नवरा वारल्यापासून घराबाहेर पडली नव्हती.

मी एकेकाला घेऊन गेटवर जायचो. रोह्याच्या कारखान्यांच्या गेटवर फौजी म्हटलं की मला खुर्ची मिळे, चहा मिळे. बरोबरचा माणूस बाहेर उन्हात उभा असे. मग मी खुर्चीवर बसणं बंद केलं. दोघे उभे राहिलो की बोलणं लवकर होतं.

काम लागलं की पहिले काही दिवस मी त्या माणसाबरोबर जायचो. फौजेत नव्या जवानाला एक बडी देतात. खाणं, झोपणं, ड्युटी, सगळं दोघांनी मिळून. तेच मी इथे केलं. बरेचसे लोक टिकले. बोटं गेलेला आता एका गोदामात चांगला रुळला आहे.

एक मंगेश हिलम तेवढा राहिला होता.

मंगेश अंगाने दांडगा. लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून त्याला फिट येतात. एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला, शिफ्टमध्ये फिट आली, काढलं. कोलाडला हायवेच्या हॉटेलात लागला, तिथे हातातलं पातेलं गेलं, काढलं. नंतर तो घरीच बसला. बायको यमुना शेतावर मजुरीला जायची. मंगेश दिवसभर ओट्यावर बसून जाळं विणायचा. त्या जाळ्याने कोणी मासे पकडत नव्हतं, कारण त्याला नदीवर एकट्याला पाठवायला यमुना तयार नव्हती.

उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी लागली. पेणला हा कामाचा हंगाम. विलासच्या पाठीमागे नंदा वहिनींनी कारखाना बंद पडू दिला नाही. मी जाऊन त्यांना मंगेशबद्दल विचारलं.

"वहिनी, माणूस चांगला आहे. त्याला एक आजार आहे. काय ते तो स्वतः सांगेल. तोवर त्याला उंचावर चढवू नका, पाण्याच्या टाकीजवळ नको, आणि वजन उचलायला नको."

"मंग ठेवू कुठं? देव्हाऱ्यात?"

"बसून करायचं काम द्या. मीही येतो त्याच्याबरोबर."

"आनि तो कवा सांगनार?"

"माहीत नाही."

वहिनींनी हातातला साचा खाली ठेवला. "ज्याला सांगायचं नसतं त्याला मी बघितलाय भावजी," त्या म्हणाल्या. "आना. घासकामावर बसवते."

सकाळी मिनीडोर रिक्षाने रोहा, रोह्याहून रेल्वेने पेण. साच्यातून काढलेल्या मूर्ती वाळल्या की त्यांचे सांधे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, हे आमचं काम. दिवसभरात आम्ही दोघे पांढरे होऊन जायचो. मंगेशचा हात माझ्यापेक्षा हलका होता. मी एका मूर्तीचं बोट मोडलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "फौजेत ग्रेनेड धरायचात ना, तसा नका धरू."

वहिनींना सांगून मी तिथे सकाळी फॉल-इन सुरू केलं. सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं, मी विचारायचं, "सब ठीक?" प्रत्येकाने आपलं सांगायचं. बरं नसेल तर पुढे यायचं. गोमाभाऊ म्हणून लोडिंगचे जुने कामगार होते, त्यांना याचं फार हसू यायचं.

"हवालदार, ही काय पलटन हाय? गनपतीचा कारखाना हाय."

"गोमाभाऊ, ठीक?"

"मी ठीक. बायकोला राग आलाय, तो लिव्हा सिक रिपोर्टमदे."

सगळे हसायचे. मंगेशही हसायचा आणि म्हणायचा, "ठीक." रोज तोच शब्द.

एका सकाळी आम्ही मिनीडोरची वाट बघत होतो. यमुना वाडीतून धावत आली. तिच्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती.

"दादा, ह्यानं परत बंद केल्यान."

"काय बंद केलं?"

"गोल्या. काम नसला का खातो. काम लागला का बंद. दर टायमाला असाच करतो. मी बोलले का माझ्यावरच वराडतो."

मंगेश दुसरीकडे बघत होता. मला आधी नीट कळलंच नाही. मी परत विचारलं. तिने परत सांगितलं. ज्या गोळ्यांनी फिट थांबते त्या हा घरी बसलेला असताना खात होता आणि कामावर जायला लागला की सोडत होता.

रोहा स्टेशनवर गाडी उभीच होती. नागोठणं आलं तेव्हा तो आपणच बोलायला लागला.

"गोली खाल्ली का सकाली झोप येते, दादा. डोला लागला का मुकादम बघतो. मुकादमान बघितला का बोलतो, हा पिऊन आलाय. मी कंदी पीत नाय. पन आमची वाडी म्हटली का पयला तोच इचार करतात."

"आणि फिट आली की?"

"फिट काय रोज येते? झोप रोज येते."

त्याचा हिशोब त्याच्या बाजूने पक्का होता. मी त्याला विलासची गोष्ट सांगितली. पोस्ट, सेट, बारशाला गेलेला माणूस, बाराचा रिपोर्ट. एवढं सगळं मी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला.

"तुमचा दोस्त मनाचा चांगला व्हता," तो म्हणाला.

"होता."

"खाली आनला असता तर नोकरी गेली असती त्याची?"

"नाही. पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये राहिला असता. मग परत आला असता."

मंगेश खिडकीबाहेर बघत राहिला. "माझी जाते," तो म्हणाला.

ते खरं होतं. पेणच्या स्टेशनवर उतरल्यावर मी एवढंच म्हणालो, "आज कामावर नाही. आधी डॉक्टर."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी न रागावता सगळं ऐकून घेतलं आणि गोळी बदलून रात्री जेवणानंतर घ्यायची करून दिली. म्हणजे झोप रात्रीच लागेल. मधेच सोडली की फिट जोराने येते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नव्या गोळीचा गुण यायला वेळ लागेल, तोवर एखादी फिट येऊ शकते, हेही सांगितलं. "आधी काही कळतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"जलका वास येतो," मंगेश म्हणाला. "कायतरी करपल्यासारखा. मंग थोडा टाइम असतो."

"तो टाइम फार कामाचा आहे. त्यात खाली बसायचं आणि कोणाला तरी सांगायचं."

"सांगायचा काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सिक रिपोर्ट म्हण. बाकी मी बघतो."

तरीही वहिनींना त्याने आजाराचं सांगितलं नाही. उद्या सांगतो म्हणायचा. गोळी मात्र सुरू झाली, तसं यमुनाने मला सांगितलं. आणि मग तो ट्रकचा दिवस आला.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाच्या आधीच निघतात. त्या दिवशी ट्रक सकाळीच अंगणात लागला. मूर्ती पेंढ्यात गुंडाळून तयार होत्या. ट्रकला जाड फळी लावलेली होती. लोडिंगचा एक माणूस आला नाही. वहिनी आत फोनवर होत्या. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पेंढा बांधत होतो.

गोमाभाऊंना एक दांडगा माणूस बसून घासकाम करताना दिसला.

"ए पैलवान, ऊठ. धर खालून."

मंगेशने नाही म्हटलं नाही. त्याला नाही म्हणता येत नाही. गोमाभाऊ वरून, तो खालून, अशी कंबरेइतकी मूर्ती घेऊन ते फळीवर चढले. मी मान वर केली तेव्हा ते फळीच्या मध्यावर होते. खाली फरशी. बाजूला शाडू भिजवायची टाकी, काठोकाठ भरलेली.

मी पेंढा टाकून निघालो. तेवढ्यात मंगेश थांबला. त्याचं नाक हललेलं मला लांबून दिसलं.

"चल ना रं," गोमाभाऊ वरून म्हणाले.

त्या क्षणी मंगेशला पुढे दोन पावलं टाकता आली असती. मूर्ती ट्रकात गेली असती, कोणाला काही कळलं नसतं, कदाचित. तो विचार त्याच्या मनात आला होता, असं त्याने नंतर मला सांगितलं.

"सिक रिपोर्ट!" तो ओरडला.

गोमाभाऊ हसले. अंगणातली माणसं हसली. रोजची गंमत वाटली त्यांना.

"दादा! सिक रिपोर्ट! ठीक नाय! ठीक नाय मी!"

मी धावलो. "गोमाभाऊ, पाऊल हलवू नका. मूर्ती तशीच धरा. सखाराम, खालून घे. मंगेश, सोड. बस खाली."

लोडिंगच्या सखारामने मूर्तीखाली खांदा दिला. मी मंगेशला कमरेला धरून फळीवरून उतरवला आणि टाकीपासून लांब, पेंढ्याच्या ढिगावर बसवला. बसवला आणि फिट सुरू झाली.

मी त्याला कुशीवर वळवला. डोक्याखाली माझा शर्ट दिला. माणसं भोवती जमली. एकजण कांदा घेऊन धावत आला, दुसऱ्याने चप्पल काढली.

"नाकाला काही लावायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. हात धरायचे नाहीत. मागे व्हा. वारा येऊ द्या."

ऑर्डर दिली की माणसं ऐकतात, फौज असो की नसो. सगळे मागे झाले. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. फोन अजून त्यांच्या हातात चालू होता. कोणीतरी पलीकडून हॅलो हॅलो करत होतं.

हळूहळू हातपाय थांबले. श्वास नीट चालू लागला. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. त्याचा पहिला प्रश्न असा होता : "गनपती फुटला?"

"नाय," सखाराम म्हणाला. "गाडीत बसला तो. आरामात हाय."

मग त्याची नजर वहिनींकडे गेली. तो उठायला लागला. त्याच्या केसांत पेंढा अडकला होता.

"मला काढला?"

वहिनींनी फोन बंद केला. त्या जवळ आल्या आणि पायरीवर बसल्या, त्याच्यासमोर.

"आजार हाच काय?"

"व्हय."

"अगुदर का नाय सांगितलास?"

"सांगितला का काढतात."

"आनि आज कशाला वराडलास एवढा?"

मंगेशने विचार केला. "मूर्ती चौघांच्या मेहनतीची व्हती," तो म्हणाला. "आनि गोमाभाऊ वर व्हते. माझ्याबरोबर ते बी टाकीत गेले असते. त्यांना पोवता नाय येत."

"तुला कोनी सांगितला मला पोवता नाय येत?" गोमाभाऊ म्हणाले. ते खाली उतरून मंगेशच्या शेजारी पेंढ्यावर बसले आणि बसूनच राहिले.

वहिनींनी पदराने मंगेशच्या कपाळावरची पांढरी भुकटी पुसली. "उद्या फॉल-इनला वेळेवर ये," त्या म्हणाल्या. "आनि फळीवर परत दिसलास तर तंगडी मोडीन. घासकाम तुजा. डोकी तुज्याइतकी कोन घासत नाय हितं."

मंगेश रडला नाही. त्याने फक्त खूप मोठा श्वास सोडला.

ट्रक गेल्यावर मी हात धुवायला मागे गेलो. वहिनी तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे पन असंच वराडले असते तर?"

"तर साहेबांनी शिव्या घातल्या असत्या. त्याच दिवशी खाली आणलं असतं."

"आनि?"

"आणि आज ते इथे असते, वहिनी. मला म्हणत असते, मूर्तीचं बोट कोणी मोडलं."

त्या हसल्या. मग थोडं रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हंजे सांगितला असता तर काय बी गेला नसता. एवढाच ना?"

"एवढंच."

"त्यांना कोनी सांगितला नव्हता काय हे?"

"शिकवलं होतं. पण वर असताना आठवत नाही. बारशाला गेलेला माणूस आठवतो."

इतक्या वर्षांनी मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. उत्तर काही मोठं नव्हतं. पण त्या दिवशी चहा पिताना आमच्या मध्ये काही नव्हतं, नुसता चहा होता.

दुसऱ्या सकाळी फॉल-इनला मी नेहमीसारखं विचारलं, "सब ठीक?" वहिनींनी मला हाताने थांबवलं.

"असं नका इचारू. असं इचारलं का सगळी ठीकच बोलतात. गंगू, तुजी कंबर दुखते ना गो? काल बोललीस मला. मंग हितं ठीक कशाला बोललीस?" गंगूबाई लाजून खाली बघायला लागल्या. वहिनी सगळ्यांकडे वळल्या. "आता सांगा. कोन ठीक नाय?"

मग गोमाभाऊंनी एक पाऊल पुढे टाकलं.

"मला पोवता नाय येत," ते म्हणाले. "टाकीवर झाकन पाहिजे."

टाकीवर झाकण आलं. आजही आहे.

मंगेश तिथे टिकला. जून सरला, कॉलेज सुरू झालं, माझं पेणला जाणं थांबलं. पण त्याचा आता दुसरा बडी आहे. गोमाभाऊ त्याच्या शेजारी बसून जेवतात आणि रात्रीची गोळी घेतलीस का, हे रोज सकाळी विचारतात. यमुनाने मजुरी सोडलेली नाही, पण ती आता शेतातून घरी येताना धास्तीने ओट्याकडे बघत नाही. जाळं त्याने भावाला देऊन टाकलं.

माझंही एक सांगतो. वर्गात मॅडम विचारतात, "समजलं का सगळ्यांना?" मी वर्षभर सगळ्यांबरोबर हो म्हणायचो. आता हात वर करतो. पहिल्यांदा केला तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन मुलांनीही केला.

मंगेश मला कामाला बसण्याआधी फोन करतो. सेटवरच्यासारखं बोलायला मीच शिकवलं आहे. "पेन पोस्ट. सब ठीक. ओव्हर." मी रॉजर म्हणतो. श्रावणात एके सकाळी मी कॉलेजच्या गेटवर होतो, तेव्हा फोन आला.

"दादा, आज ठीक नाय. करपल्याचा वास येतोय. मी खाली बसलोय. गोमाभाऊ बाजूला हायत."

"रॉजर," मी म्हणालो. "गोमाभाऊंना दे."

गोमाभाऊंनी फोन चालू ठेवला. फिट आली, छोटीशी, आणि गेली. मी गेटवर उभा राहून ऐकत होतो. मला भीती वाटली नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मी तिथेच कठड्यावर बसलो. पहिल्या तासाला मी उशिरा गेलो आणि मॅडमना कारण खरं सांगितलं.

लान्स नायक विलास म्हात्रे, राहणार पेण. उत्तरेकडच्या पोस्टवर ड्युटीवर असताना गेला. त्याचा शेवटचा रिपोर्ट सब ठीक असा होता आणि त्याला रॉजर मी दिलं होतं. त्याची कणकेची मूर्ती आमची पलटण खाली उतरताना साहेबांनी स्वतः आणली. ती आता कारखान्यात वहिनींच्या बैठकीच्या वर, फळीवर आहे. काडीचे डोळे पुसट झालेत, पण वहिनी त्यांना कोणाला हात लावू देत नाहीत.

रोज सकाळी अंगणात माणसं उभी राहतात. वहिनी विलासचं नाव घेत नाहीत. त्या विचारतात, "कोन ठीक नाय?" आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत थांबतात. घाई करत नाहीत. मग काम सुरू होतं.